पण बॉल गेला असता कुठं?

…नाही, कुतूहल असावं हो माणसाला, कोण नको म्हणतंय? पण त्याला काही हद्द? तुम्हाला सांगतो, आमच्या बेलापुरातला हा आसाराम, फॅब्रिकेशनवाला, गेटं करतो, ग्रिल करतो, शटरं बसवतो, हात असा की वेल्डिंगचा टाका बोट फिरवून शोधावा लागतो, पण डोकं… डोकं म्हणजे सताड उघडं दार! कुठलाही प्रश्न आत येतो आणि मुक्काम ठोकतो. लग्नात सगळे जेवायला बसतात, हा मंडपाच्या खांबाकडं बघत उभा, की ह्यो उभा तरी कशावर हाय? दवाखान्यात नेला, डॉक्टरनं छातीला नळी लावली, तर हा म्हणतो, “डॉक्टर, मला बी ऐकू द्या की जरा, माझंच हाय ना?” दिली हो डॉक्टरनं ऐकायला! काय करतो बिचारा? बाहेर पेशंटची रांग, आणि हा खाटेवर पडून स्वतःचं काळीज ऐकतोय, मान डोलावतोय!

तर असला माणूस पुण्याला गेला. एका रिटायर साहेबांच्या बंगल्यात जिन्याला रेलिंग बसवायचं काम होतं. रेलिंग बसवायचं आणि गुपचूप परत यायचं की नाही? पण खालच्या मजल्यावर धप्प, धप्प असा आवाज यायला लागला. आता तुम्ही-आम्ही असतो तर म्हणालो असतो, वाजतंय काहीतरी. हा वेल्डिंगचा होल्डर हातात घेऊन तसाच खाली! बघतो तर साहेब अर्ध्या चड्डीत, एकाच हातात हातमोजा, समोर भिंतभर पडदा, पडद्यावर हिरवंगार रान. साहेबांनी गोल्फची काठी फिरवली, बॉल पडद्यावर आपटला, धप्प करून खाली पडला… आणि पडद्यावर दुसरा बॉल निघाला, झाडांवरनं, टेकडीवरनं, चाललाच, चाललाच!

आसाराम म्हणाला, “साहेब, बॉल तर खाली पडला.”

“हो.”

“मग तिकडं गेला त्यो कोन?”

साहेब म्हणाले, “तो म्हणजे… हाच. पडदा नसता तर हा तिथं गेला असता.”

‘असता’! तुम्हाला सांगतो, त्या एका ‘असता’नं घात केला. साहेबांनी चांगल्या मनानं समजावलं, की कॅमेरा बॉलचे पटापट फोटो काढतो, वेग किती, वर किती उडाला, डावीकडं का उजवीकडं, कॉम्प्युटर त्याचं गणित करतो. हा ऐकतोय, मान डोलावतोय, आणि शेवटी पुन्हा तेच, “ते समदं बरोबर हाय साहेब, पण बॉल गेला असता कुठं? खरा-खरा?” साहेब कंटाळले. पिच्छा सुटावा म्हणून त्यांनी एक जुनी काठी आणि चार-सहा बॉल हातात दिले. त्या सगळ्या सेटची किंमतही सांगितली. किंमत ऐकून आसारामनं होल्डर हळूच खाली ठेवला.

घरी आला तो जेवेना. बायको सीमा म्हणाली, “काय झालं? पैसं दिलं न्हाईत का साहेबानं?”

“दिलं.”

“मग?”

“सीमा, बॉल गेला असता कुठं?”

आता त्या बाईनं काय उत्तर द्यावं? सांगा तुम्ही! पण वीस-बावीस वर्षांचा संसार, तिनं ओळखलं, की आता शेडात काहीतरी उभं राहणार. आणि शेड अर्धं तिचं. उन्हाळा लागला की तिचं शेवयाचं मशीन सुरू होतं, गावातल्या बाया पिठाचे डबे घेऊन येतात. म्हणून तिनं ताट वाढतानाच बजावलं, “काय उभं करायचं ते करा, पन माझ्या बाया यायच्या आत ते भिंतीला चिकटलं पायजे. न्हाईतर मी तुमाला चिकटवीन.”

झालं! गोल्फ राहिला बाजूला, याला भिंतीला चिकटणाऱ्या घडीचंच वेड लागलं. मोबाईलवर एक कोरियन का जपानी बाबा सापडला, घरच्या घरी असलंच काहीतरी बनवणारा. त्याची भाषा याला कळत नाही. पण आसाराम म्हणतो, “वेल्डिंगवाल्याचं हात बघायचं असत्यात, त्वांड न्हाई.” शेडात पडलेले चौकोनी पाईप घेतले, शटरच्या बिजागऱ्या घेतल्या, मंडपवाल्याकडनं फाटकं हिरवं प्लास्टिकचं गवत आणलं, क्लास बंद पडला त्या मास्तरचा प्रोजेक्टर आणि लॅपटॉप आणला, बॉल ठेवायला ठिबकच्या नळीचा तुकडा, कॅमेरा म्हणून वर टांगायला जुना मोबाईल. त्याच बाबानं दाखवलेला फुकटचा प्रोग्राम लॅपटॉपमध्ये घातला. आणि सगळी चौकट उचलून भिंतीला लावायला कप्पी, दोर, आणि दोराच्या टोकाला वजन म्हणून भंगाराचं पोतं.

पोतं! किती वजनाचं? ते काही कोरियन बाबानं सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी हा चौकटीच्या आत उभा राहून वर बघतोय, की ही पिन काढली तर काय होईल? आता पिन काढली तर काय होईल हे बघायला पिन काढायचीच पाहिजे का? काढली! पोतं गेलं खाली, चौकट आली वर, फाट्टदिशी भिंतीला लागली, आणि आसाराम मध्ये. पाईप, जाळी, आसाराम, भिंत! नेमक्या तेव्हाच रतनबाई डबा घेऊन आली. रतनबाई म्हणजे आमच्या आळीतली सगळ्यात मोठी म्हातारी, आणि सगळ्यात मोठा आवाज. ती दारातच थबकली.

“आगं सीमा! तुझी भिंत कन्हतीया गं!”

आणि भिंत काय म्हणावी? भिंत म्हणाली, “रतनबाई, वरली बिजागरी नीट बसली का तेवढं बघा की!”

बसली होती. चांगली बसली होती. चार बायांनी पोतं उचललं तेव्हा माणूस बाहेर निघाला, कपाळावर जाळीचे चौकोन उठलेले, आणि चेहऱ्यावर काय आनंद! “घडी जमली,” म्हणाला.

मग पडद्याची पंचाईत. आधी चादर लावली. पहिलाच बॉल चादरीतनं आरपार, थेट रतनबाईच्या पिठात! ती म्हणाली, “माज्या शेवयात अंडं कुनी घातलं?” मग आसाराम शेडात हिंडायला लागला, जाड कापड पाहिजे, पांढरं पाहिजे… आणि कोपऱ्यात गुंडाळी दिसली. फ्लेक्स! मागची बाजू पांढरीशुभ्र, दणकट. लावला. पुढच्या बाजूला काय आहे ते त्यानं बघितलं नाही का? बघितलं होतं हो, त्या फ्लेक्सची चौकट त्यानंच जोडली होती! पण याला एका वेळी एकच गोष्ट दिसते, त्याला कोण काय करणार?

पुढच्या बाजूला होते आप्पासाहेब. भावी सरपंच, हात जोडलेले, भिंतभर.

आप्पासाहेब म्हणजे आसारामचे साडू. सीमाची थोरली बहीण रेश्मा, तिचे मालक. पलीकडच्या वस्तीवर ऊस, बागाईत, सगळं ठीक. पण निवडणुकीला उभे राहिले आणि थोडक्यात पडले. तेव्हापासून माणूस ‘असता’मध्येच राहायला गेलाय! खालच्या आळीनं शब्द पाळला असता तर निवडून आलो असतो, पाऊस पडला नसता तर निवडून आलो असतो… आता असल्या माणसाला असला खेळ मिळाल्यावर काय होईल?

पण ते नंतर. आधी बॉल नीट चालला तो दिवस ऐका. अख्खी आळी शेडात. आसारामनं काठी फिरवली, धप्प! पडद्यावर बॉल निघाला, उडाला, वळला, आणि डुबुक! लॅपटॉपमधनं एक इंग्रजी बाई गोड आवाजात काहीतरी बोलली. सगळे ओरडले, “पानी! पानी!” एक जण म्हणाला, “कालव्याच्या चारीला पान्याचं आवर्तन न्हाई आन हितं तळं भरलंय!” कौतुक चाललंय, पोरं नाचतायत, आणि आसाराम? तो खाली पडलेल्या बॉलकडं बघतोय, वर पडद्याकडं बघतोय. का, तर मशीन म्हणतंय पाण्यात गेला. पण मशीन खरं बोलतंय कशावरनं? बेलापुरात ना तळं, ना तेवढं गवत, ना खरा गोल्फ बघितलेला एक माणूस! विचारायचं कुणाला? अहो, सगळं उभं राहिलं, घडी जमली, पडदा जमला, पण बॉल गेला असता कुठं?

मग एका रविवारी आप्पासाहेब आले. पांढरे कपडे, काळा गॉगल. आले ते साडूला नावं ठेवायलाच, “आसाराम, धंदा सोडून ह्ये काय पोरखेळ लावलायस?” आसाराम म्हणाला, “एक मारून तर बघा.” मारला! आणि बॉल, तुम्हाला सांगतो, सरळ! रुळावरनं निघाल्यासारखा सरळ! पडद्यावर आकडा आला, दोनशे दहा यार्ड. आणि ती बाई काहीतरी म्हणाली.

आप्पासाहेबांनी गॉगल काढला. “काय म्हनली?”

“काय तरी चांगलंच म्हनली.”

“परत म्हनंल का?”

“परत मारला तर म्हनंल.”

झालं! आप्पासाहेब थांबेनात. धप्प, “काय म्हनली?”, धप्प, “आता काय म्हनली?” इकडं शेवयाच्या बाया यायची वेळ झाली. सीमा दारातनं डोळे मोठे करतेय, आसाराम म्हणतोय, “पाव्हनं, आता घडी घालू या का?” आणि पाव्हनं म्हणतायत, “ह्यो शेवटचा.” शेवटी बाया कंटाळल्या, मागच्या दारानं आत शिरल्या, पडद्याच्या पलीकडं सीमाचं मशीन होतं तिथं डबे घेऊन दाटीनं बसल्या.

आणि बघतात तर काय! समोर आप्पासाहेब, हात जोडून उभे, आणि धप्प! गाल फुगला. धप्प! हनुवटीला टेंगूळ आलं आणि गेलं. बाया तोंडात पदर कोंबतायत. पण रतनबाईच्या पदराला ते झेपतंय का? ती ओरडली, “आगं बया! भावी सरपंचाच्या कानफटात बसली!”

आप्पासाहेबांनी काठी खाली ठेवली. पडद्याच्या कडेनं मागं गेले. स्वतःकडं बघितलं. नाकावर रंग तडकलेला, गालावर तडकलेला, जोडलेल्या हातांवर तडकलेला. मग हळू म्हणाले, “ह्ये… मीच मारलं?”

आता तिथं साडूनं काय म्हणावं? चुकलं म्हणावं, पाय धरावेत, पाणी आणावं! आसाराम तड्यांना बोट लावून बघतोय. म्हणाला, “पाव्हनं, मशीन म्हनतंय बॉल सरळ गेला. सरळ म्हंजे नाकाव लागाया पायजे. पन ह्यो बघा, ह्यो कानाला लागलाय! म्हंजे मशीन खोटं बोलतंय का?”

आप्पासाहेबांना वाटलं, हा वर आणि खोड काढतोय. गाडीला किक मारली आणि गेले. गॉगल इथंच राहिला.

आणि दुसऱ्या दिवसापासून रेश्माचा फोन बंद.

हे तुम्हाला हसण्यावारी वाटेल. पण या दोघी बहिणींचा रोज सकाळी फोन असायचा. बोलायच्या काय? काही नाही! भाजी कुठली केलीस, दूध नासलं, काल स्वप्नात आई आली होती. तेवढ्यावर सीमाचा दिवस चालायचा. आता ती पीठ मळायची आणि फळीवरच्या मोबाईलकडं बघायची. दोनदा लावून बघितला, नुसती रिंग. आसारामला ती एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं! त्यानं फ्लेक्स काढला, चौकट भिंतीला लावून पिन घट्ट ठोकली, गेट-ग्रिलच्या कामाला लागला. पण शेवयाचं मशीन चालू असताना पूर्वी दोघींच्या गप्पा ऐकू यायच्या, आता नुसतं मशीन ऐकू यायचं. आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा असं झालं, की एखादी गोष्ट कशी चालते हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ती दुरुस्त कशी करायची ते सुचत नव्हतं.

गेला शेवटी गाडी काढून वस्तीवर. एका हातात गॉगल, काखेत फ्लेक्सची गुंडाळी. आप्पासाहेब पडवीत बसलेले. या नाही, बसा नाही, पाणी नाही.

“चुकलं माझं, आप्पासाहेब.”

गप्प.

“जानूनबुजून न्हाई केलं. मला कापड दिसलं, तुमी न्हाई दिसलात.”

हे काय माफी मागणं झालं? पण खरं तेच होतं. आप्पासाहेबांनी तोंड रानाकडं फिरवलं. समोर तुटलेल्या उसाचं रान, पाचट वाळत पडलेलं, लांबवर मोकळं, थेट चारीपर्यंत. आसारामनं त्या रानाकडं बघितलं आणि प्रश्न पोटातनं वर आला, अगदी घशापर्यंत आला. त्यानं ओठ दाबले. तुम्हाला सांगतो, त्या माणसानं जन्मात एवढे कष्ट कधी केले नसतील! गॉगल ओट्यावर ठेवला आणि उठला.

पायरी उतरला तेवढ्यात मागनं आवाज आला.

“आसाराम… ती बाई म्हनली ते दोनशे धा, ते खरं हुतं का रं?”

आसाराम वळला.

“न्हाई, म्हंजे राग हायेच,” आप्पासाहेब म्हणाले, “राग काय जायचा न्हाई. पन निवडनुकीपास्नं मला कुनी चांगलं म्हनलेलं न्हाई. त्या बाईनं म्हनलं. आता ती बी खोटं बोलत असंल तर… झोप न्हाई मला. बॉल गेला असता कुठं?”

आसारामचे डोळे भरून आले हो! जगात दुसरा सापडला!

लगेच सीमाला फोन, काठी आणि बॉल घेऊन वस्तीवर ये. ती बिचारी काय झालं म्हणून धावत-पळत रिक्षानं आली, घाईत एकच बॉल आणला. दारात रेश्मा उभी. दोघींनी एकमेकींकडं बघितलं, रेश्मा नुसतं म्हणाली, “वाळलीस गं.” तेवढ्यात आप्पासाहेब रानात उतरले होते. शेजारची वस्ती बांधावर गोळा झाली. नळीच्या तुकड्यावर बॉल ठेवला. आप्पासाहेबांनी हातावर थुंकी लावली, काठी मागं नेली, आणि अशी काही फिरवली की स्वतःच गरकन फिरले. सप्पदिशी आवाज, धुरळा, पाचट उडालं, सगळ्यांच्या माना वर! ऊन डोक्यावर, डोळ्यांपुढं नुसता उजेड.

“गेला!” आप्पासाहेब ओरडले.

“गेला, गेला!” बांधावरचे ओरडले.

कुठं गेला? कुणी बघितला? एकानंही नाही! पण एक म्हणतो चारीपाशी पडला, दुसरा म्हणतो चारीच्या पलीकडं, तिसऱ्यानं तर आवाजसुद्धा ऐकला. आसाराम म्हणाला, “सीमा, आजून एक बॉल…” तर आप्पासाहेब गरजले, “न्हाई! फेरमतदान न्हाई! ह्याच बॉलाचा निकाल लावायचा!”

आणि मग सुरू झाला शोध. बघा म्हणजे मजा! शेडात बॉल चार हातांवर पडतो आणि मशीन सांगतं कुठं गेला. इथं खराखुरा गेला, तर सांगणारं कुणी नाही! पुरुष सगळे चारीकडं धावले, पाचट उलथतायत, पलीकडच्या मक्यात शिरतायत. दोघी बहिणी मागंच राहिल्या, इकडं तिकडं पाय फिरवत, बोलत. एवढ्या दिवसांचं बोलणं तुंबलेलं, बॉल कोण शोधतंय?

आसाराम चारीच्या काठावर उभा होता. त्यानं सहज मागं वळून बघितलं. जिथनं बॉल मारला होता, त्याच्याच आसपास रेश्मा वाकली होती. तिनं पाचटातनं काहीतरी उचललं. सीमाला दाखवलं. दोघींनी आधी आप्पासाहेबांकडं बघितलं, मग एकमेकींकडं, आणि दोघी एकदम खाली बसल्या. पदर तोंडात, खांदे गदागदा हलतायत. उठल्या तेव्हा रेश्माच्या हातात काही नव्हतं.

इकडं आप्पासाहेब मक्याकडं हात करून सगळ्यांना सांगतायत, “चारी वलांडून गेलाय! म्हंजे दोनशे धाच्या बी पुढं! मशीननं कमीच सांगितलं हुतं! काय आसाराम?”

सगळे आसारामकडं बघायला लागले. त्यानं एकदा मागं बघितलं, एकदा आप्पासाहेबांच्या घामेजल्या, फुललेल्या तोंडाकडं बघितलं.

“व्हय,” म्हणाला. “गेला.”

आप्पासाहेबांनी त्याला मिठी मारली. घरी नेऊन जेवू घातलं. निघताना गुंडाळी परत त्याच्या काखेत दिली, “लाव पुन्यांदा. पन बायांना मागनं बसू दिऊ नको.”

तुम्हाला सांगतो, घरी येईपर्यंत सीमा गाडीवर मागं बसून हसत होती, पाठीला कळत होतं. आली ती चहा टाकायला गेली, तेवढ्यात रेश्माचा फोन! आताच तर भेटल्या होत्या ना? तरी फोन! आणि दोघी दोन्हीकडनं नुसत्या हसतायत. फोन ठेवला, डोळे पुसले, आणि सीमा म्हणाली, “अहो, बॉल सापडला. सांगू का कुठं?”

आणि आसाराम, हाच आसाराम बरं का, म्हणाला, “नको.”

ती शेगडीकडनं गर्रकन वळली.

“नको सांगू,” म्हणाला. “मला जागा कळली, की मी उद्या आप्पासाहेबाच्या तोंडाकडं बघून हासनार. मी हासलो, की त्येला कळनार. आन तुझा फोन परत बंद व्हनार. ऱ्हाऊ दे. गेला तिकडं गेला.”

सीमा परत शेगडीकडं वळली, पण तिच्या हातनं चहात आलं जरा जास्तच किसलं गेलं. आणि हा पाटावर बसला, भिंतीकडं तोंड करून, हात गुडघ्यांवर घट्ट धरून. मला वाटलं, सुधारला! एवढ्या वर्षांनी एक प्रश्न त्यानं दारातनं परत पाठवला! पण माणूस सुधारून सुधारून किती सुधारणार हो? चहाला उकळी आली, आणि मागनं बारीक आवाज आला,

“सीमा… कुठं ते नको सांगू. नुसतं एवढंच सांग… पुढं, का मागं?”